चाळीस किलो जास्त

विषय : कै. अंजनाबाई शालिकराम हटवार यांच्या मृत्यूनोंदीतील रकाना क्रमांक सात, 'मृत्यूचे ठिकाण', दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ : (एक) अर्जदाराने स्वतः भरून दिलेली मूळ सूचना. (दोन) मोटारगाडी, डॉज, हिरवी, चार दारांची, हिचे नोंदणी पुस्तक. (तीन) धरमकाट्याच्या पावत्या, एकूण तीन.

मृत्यूच्या नोंदीला धरमकाट्याच्या, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्याच्या, पावत्या जोडायची पद्धत कुठल्याच कार्यालयात नाही. आवक घेणाऱ्या रेणू भोयरने त्या दोनदा परत केल्या आणि शालिकराम हटवारांनी दोनदा पुन्हा लावल्या. छत्तीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भांडार विभागात कारकुनी केलेला माणूस. एकदा टाचणी लावली की काढत नाही. मूळ अर्ज हिंदीत आहे, कारण कार्यालय हिंदीत चालतं. त्यामागची हकीकत मात्र घरच्या बोलीत घडली, म्हणून ती अशी वेगळी सांगावी लागते.

आधी गाडी.

शहाऐंशी साली एक कंत्राटदार भिलाई सोडून आपल्या मुलखाला निघाला. त्याच्या बंगल्यामागे पंचावन्न सालची अमेरिकन डॉज उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. शालिकरामांनी ती घेतली. भांडार विभागातल्या कारकुनाने अशी गाडी घेणं म्हणजे चपराशानं हत्ती पाळणं, असं सगळ्यांचं मत पडलं. त्यात गाडीचं मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन इतकं प्यायचं, की कुम्हारीच्या रामाजी मिस्त्रीनं ते काढून एका मोडीत निघालेल्या व्हॅनचं लहानसं डिझेल इंजिन आत बसवलं. बॉनेट बाजेएवढं आणि आत इंजिन पाटावरवंट्याएवढं. शेजारचे बळीराम मेश्राम गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, "शालिकराम, हत्तीच्या पोटात कोंबडीचं काळीज घातलं बापा तुनं."

तरी ती गाडी चालवणं म्हणजे काय होतं, ते आजच्या माणसाला सांगून कळणार नाही. पुढची सीट दिवाणासारखी सलग. स्टिअरिंग परातीएवढं, आणि ते एका बोटानं फिरायचं, फक्त गाडी वळायला जरा वेळ घ्यायची. वळायचं की नाही यावर आधी विचार करायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच खाली. गतिरोधक आला की आजच्या गाड्या ठेचकाळतात. डॉज तो गतिरोधक पोटात घ्यायची आणि पुढच्या चौकात पोचल्यावर एकदा हळूच डुलायची. वेग ताशी पस्तीस. पाळी सुटली की कारखान्यातले सायकलवाले तिला मागे टाकून जात आणि जाताना नमस्कार करत. शालिकरामांना त्याचं काही वाटत नसे. घाई असलेल्या माणसाने स्कूटर घ्यावी. डॉज ही पोचायची गाडी नव्हती, निघायची होती. लग्नाला पवनीला निघायचं तर पहाटे निघावं लागे आणि अक्षता पडून गेल्यावर पोचावं लागे. पण वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं उठून उभी राहत.

एकच गोष्ट तिला जमत नसे. चढ.

भिलाई सपाट आहे. एक रुळांवरचा पूल सोडला तर शहरात चढ म्हणण्यासारखं काही नाही. घर एका बाजूला, कारखान्याच्या वसाहतीचे सेक्टर, दवाखाना, कारखाना आणि मरोदा पलीकडे, त्यामुळे पूल टळत नसे. भरलेली डॉज अर्ध्या पुलावर गुडघे टेकायची. आणि चढावर एकदा बंद पडली की हँडब्रेक धरत नसल्यामुळे उलटी खाली यायची. म्हणून घराचा एक रिवाज पडला. पूल आला की शालिकराम गाडी अगदी बारीक करत आणि स्टिअरिंगवरचा डावा हात उचलून दोन बोटं मागे झटकत, ताटावरची माशी हाकलावी तशी. बोलायचं काम नाही. मागची मंडळी चालत्या गाडीतून उतरत आणि कठड्याच्या बाजूने पायी चढत. गाडी पहिल्या गिअरमध्ये टकटकत वर जाऊन थांबे. वर सगळे पुन्हा बसत, शालिकराम इंजिन बंद करत, आणि उतारावरून डॉज आवाज न करता, पाल्यावरून पाणी ओघळावं तशी खाली जात असे. त्या उतारासाठी माणसं चढ चालत. लहानपणी त्यांचा मुलगा गौरव तर मुद्दाम पुलाकडे न्यायला लावायचा. अंजनाबाई वर पोचून बसल्या की पदरानं मान पुसत आणि रोज तेच म्हणत, "हं, चाला आता जी."

पस्तीस वर्षं त्या उतरल्या. मंडळी कमी होत गेली, गौरव मोठा होऊन स्वतःच्या गाडीत बसला, शेवटी गाडीत दोघंच उरली. तरी त्या उतरतच राहिल्या. शालिकरामांची दोन बोटं उठली की त्यांचा हात आपोआप दाराच्या कडीवर जाई.

दोन वर्षांमागच्या जानेवारीत त्या वारल्या. नोंदीप्रमाणे : पहाटे सहाच्या सुमारास, दवाखान्यात नेताना, वाहनात. ही सूचना शालिकरामांनी स्वतः, सुवाच्य अक्षरात भरली. लोकांना त्यांनी जे सांगितलं ते त्याहून थोडं भरीव होतं. बाहेर धुकं होतं, अंजनानं सीटवर डोकं टेकलं, "गौरवले जपा" म्हणाली आणि गेली. तेराव्याला आलेल्या बाया हे ऐकून रडल्या. बेबीताई, म्हणजे अंजनाबाईंची धाकटी बहीण, म्हणाली, "माही बहीण भाग्याची वो, नवऱ्याच्या गाडीत गेली." गौरवनं मागच्या सीटच्या काचेला आईचा लहान फोटो चिकटवला. दर महिन्याच्या त्या तारखेला तो ऑफिसला जाण्याआधी पोर्चमध्ये येई, गाडीचं मागचं दार उघडून सीटवर एक फूल ठेवी आणि हात जोडी. शालिकराम तेव्हा घरात पेपर वाचत बसत. पेपर पुष्कळदा कालचा असे.

गेल्या ऑक्टोबरात गौरवनं विषय काढला.

"बाबा, आता ती म्हैस काढा ना पोर्चमदून. माझी नवी गाडी धूप में खडी राहाते."

"फोटो लावून राहिला तूच."

"फोटो काढून घरात लावू. आईची गाडी आहे म्हणून मी इतके दिवस बोललो नाही. पर कब तक? कागदं संपले तिचे. कोणी पकडलं तर?"

शालिकराम हो म्हणाले. खरं तर इतक्या लवकर हो म्हणाल्याबद्दल गौरवलाच थोडं वाईट वाटलं.

मरोद्याला कमलेशचं मोडीचं आवार आहे. जुन्या गाड्या तोडतो. दारातच त्याचा काटा. दुपारी तीनला शालिकराम एकटेच डॉज घेऊन निघाले. ऊन चांगलं होतं, रस्ता मोकळा होता. रिकामी गाडी पुलावर दुसऱ्या गिअरमध्ये चढायला हवी होती. अर्ध्यावर तिनं मान टाकली. पहिला गिअर घालून ती कशीबशी वर आली. वय झालं, असं ते म्हणाले. कुणाचं, ते त्यांनी ठरवलं नाही.

काट्यावर गाडी चढवली. कमलेशच्या खिडकीवरच्या लाल आकड्यांत पंधराशे पंचवीस आलं. शालिकराम उतरले तसं चौदाशे साठ झालं. पासष्ट त्यांचे स्वतःचे. डॉक्टरच्या काट्यावरही पासष्टच येतात.

कमलेशनं नोंदणी पुस्तक पाहिलं. इंजिन बदललं तेव्हा कार्यालयानं नवं वजन लिहून शिक्का मारला होता. चौदाशे वीस.

"कका, चालीस किलो जास्ती है."

"सीट पुरानी है. धूल पी गई होगी."

"धूल चालीस किलो नहीं पीती. लोग दरवाजे में रेत भर के लाते हैं, इसलिए पूछ रहा हूँ. बुरा मत मानना."

"रेत मेरे नसीब में भरी है, गाड़ी में नहीं."

कमलेश हसला, पण माणूस नियमाचा. त्यानं डिकी उघडली, स्टेपनी काढली, चारी दारांचे पत्रे ठोकून पाहिले, सीटा उचलल्या. मागच्या सीटखाली कोंबडीची दोन पिसं निघाली. वजन चौदाशे साठ. काट्यावर पाचच्या खाली दिसत नाही, पण वरचं बरोबर दिसतं. त्यानं पावती छापून हातात दिली आणि म्हणाला, आधी हिशोब लावून आणा, मग घेतो.

परतताना दिवस कलला होता. पुलाच्या पायथ्याशी आले तेव्हा कारखान्यामागे कुठंतरी तापलेला स्लॅग, भट्टीतला मळ, ओतला गेला आणि आकाशाची खालची पट्टी लाल झाली. भिलाईत राहणाऱ्याला त्याचं काही नाही. मुलं त्या उजेडात क्रिकेटची शेवटची ओव्हर टाकून घेतात. शालिकरामांनी गाडी बारीक केली. गाडी पुन्हा जड होती. आणि मग, कसलाही विचार न करता, त्यांचा डावा हात उठला आणि दोन बोटं मागे झटकली गेली.

मागच्या दाराची कडी वाजली.

त्या दाराची कडी कडक आहे. ती आधी खट् करते, मग थोडं थांबून दार कुरकुरतं. दोन्ही आवाज झाले. गाडी डाव्या अंगाला किंचित उचलली गेली, बोजा उतरल्यावर बैलगाडी उचलते तशी. दार मिटल्याचा आवाज आला. आणि डॉज कुरकुर न करता, हलक्या पावलाने चढ चढून गेली.

वर थांबावं लागत नव्हतं. तरी ते थांबले. पाय आपोआप ब्रेकवर गेला. आरशात मागचा रस्ता दिसत होता. लाल, रिकामा, कठड्याची सावली पडलेला. एक मोटारसायकल वर आली आणि निघून गेली. मग काही नाही. इंजिनाची टकटक. खाली रुळांवरून एक मालगाडी जात होती, तिचे डबे मोजता येतील इतकी हळू.

त्यांनी आरशातून नजर काढली नाही. कुणी येताना दिसलं असतं तर बरं झालं असतं.

कडी वाजली. खट्. कुरकुर. मागची सीट दबली. गाडीत निलगिरीच्या तेलाचा वास आला. शेवटच्या दिवसांत अंजनाबाईंच्या छातीला लावायचं ते. आणि दम. चढून आलेल्या माणसाचा दम, तोंड उघडं ठेवून घेतलेला, मध्येच अडकणारा. शालिकराम वाट पाहत राहिले. आता तो दम बसेल. मग मान पुसल्याचा आवाज होईल. मग ती म्हणेल.

दम बसला नाही.

"अंजना..." ते समोर बघूनच म्हणाले. "बसली का वो..."

मागे फक्त श्वास. वर जाणारा, अडकणारा, पुन्हा वर जाणारा. त्या आवाजासकट त्यांनी गाडी खाली आणली. इंजिन बंद केलं नाही. पोर्चमध्ये गाडी लावून, किल्ली तशीच ठेवून ते घरात गेले आणि सून मोनानं चहा विचारला तेव्हा म्हणाले, आज नको.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काट्यावर संशय घेतला. भांडार विभागाचा माणूस आधी काट्यावरच संशय घेतो. पूल नको म्हणून उलट्या दिशेनं, हायवेनं कुम्हारीला गेले. तिथल्या ट्रकच्या काट्यावर गाडी तोलली. चौदाशे साठ. दोन पावत्या समोर ठेवून ते टेबलाशी बसले आणि बऱ्याच वेळानं उठून त्यांनी कपाटातून दवाखान्याचं जुनं कार्ड काढलं. शेवटची नोंद, मरणाच्या चार दिवस आधीची. वजन : चाळीस.

तेव्हा त्यांना समजलं की भूत वगैरे काही नाही, ही निव्वळ कार्यालयीन बाब आहे. आपणच लिहून दिलं, मृत्यूचे ठिकाण वाहनात. खाली सही केली. ती नोंद मंजूर झाली, उताऱ्यावर शिक्का पडला. मग अंजना दुसरीकडे कुठे जाणार? तिला तिथंच ठेवलं गेलं. दर संध्याकाळी पोर्चमधून जाताना त्यांना काचेआड दम ऐकू येई. आपण सही केली नसती तर ती सुटली असती, एवढा एकच हिशोब त्यांच्या डोक्यात बसला, आणि तो बरोबर की चूक हे सांगायला वरचा अधिकारी नव्हता.

रेणू भोयर नोंदणीच्या खिडकीवर बसते. बाई मराठी, दुर्गच्या रेल्वेवाल्यांची, स्वभावानं बरी. शालिकरामांचा अर्ज तिनं पुन्हा पुन्हा वाचला.

"काका, ठिकाण चुकलं म्हणता. मग कुठं वारल्या काकू?"

"पुलावर."

"गाडी पुलावरच होती ना? मग वाहनातच झालं ते."

"गाडी वर होती. ती खाली होती. चढाच्या मधात."

रेणूनं पेन ठेवलं. "खाली कावून होत्या?"

"उतरली होती."

मागे रांग होती. रेणूनं पुढचं विचारलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "तुमी पाह्यलं का जाताना?"

"नाही. मी वर होतो."

"मग तुमचं सांगणं चालत नाही काका. ना त्या वेळी तुमी तिथं होते, ना कोणी साक्षीदार. पयले तुमीच लिवून दिलं वाहनात, आता तुमीच म्हणता पुलावर. साहेब विचारतीन, कोणतं खरं." तिनं त्रुटी लिहिली. "मुलाची सही आना. त्याले सारं मालूम आहे, त्याची हरकत नाही, असं. मग पाहू."

अशा रीतीनं जी गोष्ट दोन वर्षं टाळली ती रकान्यात येऊन बसली.

रविवारी सकाळी गौरव पोर्चमध्ये स्वतःची गाडी पुसत होता. शालिकरामांनी कागद पुढे केला.

"कशाची सही?"

"आई गाडीत नाही गेली."

गौरव फडकं घेऊन उभा राहिला. शालिकराम बोलले. कार्यालयात टिप्पणी वाचतात तसे, एका सुरात. त्या पहाटे धुकं होतं. तिला मागच्या सीटवर निजवलं होतं. पायथ्याशी माझा हात उठला. सवय. मी बोललो नाही, नुसती बोटं हलली. मले वाटलं नाही ती पाहून राहिली म्हणून. कडी वाजली तवा समजलं. गाडी चांगली चढली, आणि मले... बरं वाटलं, की चढली. वर थांबलो. चढावर थांबता येत नाही, बंद पडते. वाट पाह्यली. धुक्यात काही दिसेना.

"गेले नाही खाली?"

"गेलो. मंग गेलो."

"मंग म्हणजे?"

शालिकरामांनी कागदाची घडी सरळ केली. "आधी हॉर्न वाजवला."

"किती वेळा?"

"दोन."

खाली ती कठड्याला टेकून बसलेली होती, एक हात कठड्यावर, पदर मानेशी. तिला त्यांनी उचलून वर आणलं. उचलताना कळलं की हिच्यात वजन राहिलंच नाही. हे त्यांनी सांगितलं. पुढचंही सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. महिन्याभरानं त्यांनी घरातलं चाळीस किलोचं तांदळाचं पोतं मागच्या सीटवर ठेवून गाडी पुलावर नेली होती. घड्याळ लावून. एकदा पोत्यासकट, एकदा पोतं काढून.

"मग?" गौरव म्हणाला.

"तेवढाच वेळ लागला. काही फरक नाही."

गौरवनं फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "आन् 'गौरवले जपा'?"

शालिकरामांनी कागद पुन्हा पुढे केला.

गौरवनं डॉजचं मागचं दार उघडलं. काचेवरचा फोटो नखानं सोडवून काढला. त्याचा एक कोपरा काचेलाच चिकटून राहिला. सीटवर या महिन्याचं वाळलेलं फूल होतं, ते मात्र त्यानं तसंच राहू दिलं. दार लावलं. कागद घेतला नाही.

"सही मी नाही करणार," तो म्हणाला. "लिहून तुमी दिलं. तुमीच राहा त्याच्यासंग."

त्यानंतर बापलेकांत बोलणं आहे, पण ते दूध, वीज आणि कुलूप एवढ्यापुरतं. मोना मध्ये पडली नाही. कागद देवघराच्या कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्याखाली आहे. शालिकराम रोज सकाळी तो उचलून पाहतात.

तरी त्यांना एक आशा होती. सही नसेना, बोलणं तर झालं. खरं सांगितल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. गाडीही झाली असेल. जानेवारीतल्या एका दुपारी ते डॉज घेऊन मरोद्याला निघाले. पुलाच्या पायथ्याशी त्यांनी डावा हात मांडीखाली दाबून धरला. एका हातानं परातीएवढं स्टिअरिंग धरून, पहिल्या गिअरमध्ये, गाडीला शिव्या न देता, त्यांनी ती वर नेली. कडी वाजली नाही. कुणी उतरलं नाही. दम मात्र संपूर्ण चढभर त्यांच्या मानेच्या मागे होता; पण तो आता एकाचा वाटत नव्हता. आपलाच असेल, असं त्यांनी धरलं. चौऱ्याहत्तर वय आहे.

काट्यावर गाडी चढवली. पंधराशे पंचवीस.

"उतर जाओ कका," कमलेश खिडकीतून म्हणाला.

शालिकराम उतरले, दार लावलं, चार पावलं बाजूला झाले.

कमलेश आकड्यांकडे पाहत होता. "कका, उतरो ना. खाली गाड़ी तौलनी है."

"उतर गया, बेटा."

कमलेशनं डोकं बाहेर काढलं. त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा आकड्यांकडे. पंधराशे पंचवीस. "थोड़ा दूर हो जाओ."

ते कडुनिंबापर्यंत मागे गेले. पंधराशे पंचवीस. कमलेश खाली आला, त्यानं गाडी एका बाजूनं हलवली, काट्याच्या फटीत काठी घालून पाहिली, मग गाडी उतरवून स्वतःची मोटारसायकल चढवली. एकशे वीस. बरोबर. डॉज पुन्हा चढवली, खाली उतरला. पंधराशे पंचवीस. शालिकराम बाहेर, त्यांचे पासष्ट आतच. या वेळी तो शालिकरामांकडे पाहायचं टाळत होता. पावती छापून त्यानं ती हातात न देता खिडकीच्या फळीवर ठेवली; शालिकरामांनी ती घडी करून खिशात घातली.

"गाड़ी यहीं छोड़ दो आज," तो म्हणाला. "बैटरी निकाल के रख देता हूँ. आप ऑटो से चले जाओ, कका. मैं बुला देता हूँ."

ऑटो आला नाही. शालिकराम पायी निघाले. पुलाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा धुकं उतरायला लागलं होतं आणि रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. कठड्याच्या बाजूने ते चढू लागले. त्या पहाटे अंजनाला उचलून आणलं तेवढं सोडलं तर हा पूल ते आयुष्यात कधी पायी चढले नव्हते; गाडीतून तो इतका लांब वाटत नसे. अर्ध्यावर छातीत कळ आली. त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि दम घेतला. दम बसेना.

वर, धुक्यात, जिथं गाडी थांबवायची जागा आहे तिथून, हॉर्न वाजला. रेड्याच्या हंबरण्यासारखा, भिलाईत दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही तसा.

थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

तिसरी पावती अर्जदाराने स्वतः येऊन अर्जाला जोडली आहे. मुलाची सही झालेली नाही. साक्षीदार नाही. रकाना सातमध्ये 'वाहनात' असंच आहे. अर्ज प्रलंबित आहे.